आमवात असेल तर हृदयासाठी कुठे खर्च करावा, कुठे करू नये

आमवाताच्या रुग्णाचा सगळा पैसा बोटं, मनगटं आणि गुडघ्यांमागे जातो. ते साहजिकच आहे, कारण दुखतं तिथे. पण हा आजार सांध्यांपुरता राहत नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात किंवा नुसतं 'आरए' म्हणतो, त्यात हृदयविकार आणि रक्ताची गुठळी हे दोन्ही धोके वाढतात. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' या संघटनेने तर सरळ हिशोब सांगितला आहे: हृदयविकाराची जोखीम काढायच्या तक्त्यातून जो आकडा येईल, त्याला आमवाताच्या रुग्णासाठी दीडने गुणायचं. पायाच्या नसेत किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट धरला जातो.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून झालेल्या पाहणीत हजार प्रौढांमागे पाचच्या आसपास लोकांना हा आजार आढळला होता. त्या प्रमाणाने पाहिलं तर प्रत्येक मोठ्या गावात, प्रत्येक सोसायटीत असा एखादा रुग्ण असणार, आणि बहुधा ती बाई असणार, कारण बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त आहे. घरात स्वतःच्या दुखण्यावर सगळ्यात शेवटी खर्च करणारीही तीच असते. म्हणून हा लेख खर्चाच्या बाजूने लिहिला आहे. दर शहरातल्या खासगी लॅबमधले आणि औषध दुकानांतले, ढोबळ आहेत. गावागणिक आणि लॅबगणिक ते बदलतील. आपल्या भागातला आकडा विचारून ताडून पाहा.

आजार आटोक्यात ठेवणं हाच हृदयाचा पहिला खर्च

सांध्यांत सूज असते तेव्हा यकृत सीआरपी आणि फायब्रिनोजेन ही प्रथिनं जास्त तयार करतं, प्लेटलेट वाढतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर खराब होत जातं. रक्त लवकर गोठू लागतं ते यामुळे. म्हणजे सीआरपी महिनोन्‌महिने वाढलेला ठेवून वरून हृदयाच्या महागड्या तपासण्या करणं हा पैशांचा अपव्यय आहे. आधी सूज उतरली पाहिजे.

त्याचा खर्च किती? मेथोट्रेक्सेट, फोलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे नेहमीचे उपचार घेणाऱ्या रुग्णाचा वर्षाचा हिशोब मांडू. मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसातच्या दोन गोळ्या. गोळीला ८ ते १२ रुपये धरले तर वर्षाला ८०० ते १२५० रुपये. फोलिक अ‍ॅसिड शंभर-दोनशेत भागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची रोजची एक गोळी ६ ते ८ रुपयांना, म्हणजे वर्षाला २२०० ते २९००. दर तीन महिन्यांनी सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, ईएसआर आणि सीआरपी: एका खेपेला हजार ते साडेसोळाशे, वर्षाला ४००० ते ६६००. संधिवाततज्ज्ञांची फी ८०० ते १५०० धरून चार भेटी ३२०० ते ६०००. त्यात वर्षातून एकदा लिपिड प्रोफाइल, एचबीएवनसी आणि ईसीजी मिळून ११०० ते १९००. आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल, तर अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमचे वर्षाला दीड ते अडीच हजार.

बेरीज १३ ते २१ हजार. महिन्याला अकराशे ते अठराशे रुपये. सांधे आणि हृदय, दोन्हीसाठी सगळ्यात जास्त उपयोगाचा खर्च हाच. वर्षभराच्या या यादीतली एकही गोष्ट पैसे वाचवायला गाळू नका. त्याऐवजी पुढे सांगितलेल्या गोष्टी गाळा.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना आहेत. वार ठरवा, गोळीच्या पाकिटावर तो वार मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

तपासणी कधी करायची, यातही पैसा वाचतो

लिपिड प्रोफाइलच्या बाबतीत आमवाताच्या रुग्णाची हमखास फसगत होते. आजार भडकलेला असतो तेव्हा कोलेस्टेरॉल उलट खाली येतं. अहवालात आकडे छान दिसतात, घरचे म्हणतात हृदयाला काही नाही, आणि त्याच वेळी धोका वाढलेला असतो. औषधाने सूज उतरली की कोलेस्टेरॉल वर येतं आणि मग 'या औषधाने कोलेस्टेरॉल वाढलं' म्हणून कुणी गोळ्याच बंद करतं. दोन्ही चुका टाळायच्या तर ही तपासणी सांधे शांत असताना करावी. भडक्यात केलेली ५०० ते ९०० रुपयांची तपासणी पुन्हा करावी लागते.

रक्तदाब तर फुकट मोजता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात, फॅमिली डॉक्टरकडे, कुठेही. घरी डिजिटल यंत्र घ्यायचं असेल तर १५०० ते २५०० रुपयांत दंडाला बांधायचं चांगलं यंत्र मिळतं. मनगटावर बांधायचं यंत्र आमवाताच्या रुग्णाने घेऊ नये. वाकडी झालेली, सुजलेली मनगटं आणि ते यंत्र यांचं जमत नाही. वेदनाशामक गोळ्या आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दोन्ही रक्तदाब वाढवतात, म्हणून या गोळ्या चालू असताना आठवड्यातून एकदा तरी मोजा.

हार्ट चेकअप पॅकेज: पत्रक वाचा, मग सही करा

दोन-अडीच हजारांपासून आठ-दहा हजारांपर्यंत 'हार्ट पॅकेज' सगळीकडे मिळतात. पत्रक हातात घेऊन ओळ न्‌ ओळ वाचली की लक्षात येतं: निम्म्या ओळी तुमच्या नेहमीच्या तपासण्याच आहेत, ज्यांचे पैसे तुम्ही गेल्याच महिन्यात भरलेत. उरलेल्यांत काही अशा असतात, ज्यांचा आमवातात अर्थच लागत नाही.

एचएस-सीआरपी हे त्याचं ठळक उदाहरण. निरोगी माणसात सीआरपी किंचित वाढला आहे का हे बघून हृदयाचा अंदाज बांधायला ही तपासणी करतात. आमवातात तो सांध्यांमुळे आधीच वाढलेला असतो, त्यामुळे आकडा हृदयाबद्दल वेगळं काही सांगत नाही. साधा सीआरपी तुम्ही करतच असता. एचएस-सीआरपीला नाही म्हणा. होमोसिस्टीनही तसंच: नेहमीच्या तपासणीत त्याची गरज नाही. लायपोप्रोटीन-ए मात्र आयुष्यात एकदा करण्यासारखी आहे, विशेषतः घरात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल तर.

डी-डायमर ही तर मोठीच खर्चाची वाट आहे. कोविडपासून या तपासणीचं नाव घराघरांत पोचलं, आणि आता लोक स्वतःहून लॅबमध्ये जाऊन 'गुठळी आहे का बघा' म्हणून ती करून घेतात. ९०० ते १८०० रुपये जातात. आमवात सक्रिय असताना डी-डायमर गुठळी नसतानाही वाढलेला येऊ शकतो. मग घबराट, मग डॉपलर सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, अशी साखळी सुरू होते आणि पंधरा-वीस हजार खर्चून शेवटी काहीच निघत नाही. डी-डायमरचा खरा उपयोग उलट्या दिशेने आहे: डॉक्टरांनी तपासून गुठळीची शक्यता कमी आहे असं ठरवलं आणि डी-डायमर सामान्य आला, तर गुठळी नाही असं खात्रीने म्हणता येतं. वर्षातून एकदा 'बघून ठेवू' म्हणून करायची ही तपासणी नव्हे.

टू-डी इको (१५०० ते ३०००) दम लागतो, पाय सुजतात, ईसीजीत बदल आहे, अशा कारणाने सांगितला तर जरूर करा. अँटिफॉस्फोलिपिड तपासण्यांचा संच तीन ते सहा हजारांना पडतो. कारण नसताना गुठळी झाली असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील तर तो महत्त्वाचा आहे, एरवी नाही. 'ही तपासणी केल्याने माझं औषध बदलणार आहे का?' हा प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारा. चांगला डॉक्टर याचं उत्तर दोन वाक्यांत देतो.

पोटरी सुजली तर

आमवाताच्या रुग्णांमध्ये गुडघ्याच्या मागच्या बाजूला पाण्याची गाठ होते. तिला बेकर सिस्ट म्हणतात. ती कधीकधी फुटते आणि आतलं पाणी पोटरीत उतरतं. पोटरी सुजते, लाल होते, गरम लागते, दाबली की कळ येते. नसेत गुठळी झाली की हुबेहूब असंच दिसतं. बघून सांगणं अनुभवी डॉक्टरलाही अवघड जातं. आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत: गुठळीला रक्त पातळ करायचं औषध हवं, आणि फुटलेल्या गाठीवर ते दिलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो.

इथे डॉपलर सोनोग्राफीवर खर्च करायलाच हवा. एका पायाच्या शिरांची डॉपलर दीड ते तीन हजारांत होते. दोन्ही पायांची सांगितली, तर एका पायाने भागेल का हे विचारायला हरकत नाही. सोनोग्राफी करणाऱ्याला 'मला आमवात आहे, गुडघ्यामागची गाठही बघा' असं आवर्जून सांगा. चिठ्ठीवर तसं लिहून आणलं तर अधिक बरं. गाठही त्याच खेपेला दिसते, दुसऱ्यांदा पैसे पडत नाहीत.

गुठळी निघालीच तर औषधाचा खर्च आता पूर्वीसारखा जीवघेणा राहिलेला नाही. रिव्हरॉक्सॅबॅनचं भारतातलं पेटंट डिसेंबर २०२० मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या. पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोनदा, पुढे २० मिलिग्रॅम एकदा, अशा तीन महिन्यांच्या साधारण १११ गोळ्या होतात. गोळी १५ ते ४० रुपयांच्या दरम्यान, म्हणजे साडेसोळाशे ते साडेचार हजार. एकच औषध, पण कंपनीगणिक एवढा फरक; डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहायला सांगा आणि दुकानात दोन-तीन कंपन्यांचे दर विचारा.

वॉरफॅरिन त्याहून खूप स्वस्त आहे असं वाटतं, कारण गोळी दोन-पाच रुपयांची. पण त्यासोबत रक्त किती पातळ झालंय हे बघणारी आयएनआर तपासणी येते, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला. तीन महिन्यांत सहा-सात तपासण्या, प्रत्येकी २०० ते ४००, शिवाय लॅबला जायचा-यायचा एसटीचा किंवा रिक्षाचा खर्च. हिशोब जवळपास सारखाच येतो. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असेल तर मात्र वॉरफॅरिनच लागतं, तिथे पैशांकडे बघून औषध बदलू नका. लेफ्लुनोमाइड घेणाऱ्यांनी वॉरफॅरिन सुरू होताना हे डॉक्टरांना सांगावं. दोन्ही एकत्र घेतली की आयएनआर चढू शकतो.

रक्त पातळ करणारं कोणतंही औषध चालू असताना मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. पोटात रक्तस्राव होऊन दवाखान्यात भरती व्हायचा खर्च कुणालाच परवडणारा नाही.

स्वस्त दिसतात पण महाग पडतात अशा गोष्टी

वेदनाशामक गोळ्या या यादीत सगळ्यात वर येतील. रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. पण एटोरिकॉक्सिब आणि डायक्लोफिनॅक आजही दहा-पंधरा रुपयांना गोळी या भावाने सर्रास घेतल्या जातात, वर्षानुवर्षं, रोज. भडक्यात काही दिवस घेणं वेगळं. रोज लागत असेल तर मूळ औषध पुरत नाहीये असा त्याचा अर्थ आहे, आणि संधिवाततज्ज्ञांची भेट लवकर घ्यायला हवी.

नाव नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्या, ज्यांनी 'दोन दिवसांत मूठ वळते', त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. साखर आणि रक्तदाब वाढवून ते हृदयाचं नुकसान करतं, आणि एकदम बंद केल्यावर जीवावर बेतू शकतं. अशी पुडी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि एकदम सोडूही नका.

अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी 'रक्त पातळ राहील' म्हणून स्वतःहून सुरू करणारे पुष्कळ आहेत. हृदयविकार झालेला नसताना सरसकट अ‍ॅस्पिरिन घेण्याचा सल्ला आता दिला जात नाही. वेदनाशामक किंवा प्रेडनिसोलोनसोबत तर त्याने अल्सरचा धोका वाढतो.

आणि मिश्री. आपल्याकडे सिगारेट न ओढणाऱ्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि तंबाखू खात नाही असं डॉक्टरांना सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. ती सोडायला पैसे लागत नाहीत. मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे.

आमवातावरच्या टोफासिटिनिब या औषधाबद्दल सविस्तर सांगायला हवं. ही गोळी आहे, इंजेक्शन नाही, आणि देशी कंपन्यांमुळे तिचा महिन्याचा खर्च बायोलॉजिक इंजेक्शनांपेक्षा कितीतरी कमी आहे. म्हणून ती आपल्याकडे भराभर लिहिली जाते. 'ओरल सर्व्हेलन्स' नावाच्या चाचणीत पन्नाशी ओलांडलेले आणि हृदयविकाराचा किमान एक जोखीम घटक असलेले ४३६२ रुग्ण होते. टोफासिटिनिब घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण ३.४ टक्के निघालं. टीएनएफ रोखणारी बायोलॉजिक इंजेक्शनं घेणाऱ्यांत २.५ टक्के. फुप्फुसातल्या गुठळ्याही जास्त दिसल्या, विशेषतः १० मिलिग्रॅम दोनदा या मोठ्या मात्रेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये यावर कडक इशारा लावला. हजारांमागे नऊ जणांचा फरक हा घाबरून गोळी फेकून देण्याइतका नाही. पण वय पन्नाशीपुढे असेल, तंबाखूची सवय असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, तर 'स्वस्त आहे म्हणून' ही गोळी निवडली जाऊ नये. पूर्वीच्या गुठळीची किंवा झटक्याची गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी तुम्ही सांगा.

गुडघा बदलायचा असेल तेव्हा

शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे गुठळीसाठी सगळ्यात जोखमीचे. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या इम्प्लांटची तेव्हाची कमाल किंमत ५४,७२० रुपये होती. त्यामुळे पॅकेजमधला मोठा भाग आता इम्प्लांटबाहेर असतो. घासाघीस करण्याआधी विचारायचं ते हे: गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं औषध पॅकेजमध्ये आहे का, आणि घरी गेल्यावर किती दिवस ते आपल्या खर्चाने घ्यायचं. साधारण दोन ते पाच आठवडे लागतं. हे औषध बंद करून पैसे वाचवू नका. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. दिसलं नाही तर मागा.

पैसे कमी असतील तर

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तिमाही रक्त तपासण्यांचे चार-साडेसहा हजार तिथेच वाचतात. तालुक्याला संधिवाततज्ज्ञ नसेल तर वर्षातून एक-दोनदा मुंबईत केईएमच्या संधिवात विभागात दाखवून औषध ठरवून घ्या आणि मधल्या तपासण्या गावाजवळ करा. जनऔषधी केंद्रातली अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनसारखी औषधं बाजारभावाच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. जवळचं केंद्र कुठे आहे ते १८००-१८०-८०८० वर कळतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिका असलेल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि अँजिओप्लास्टी व बायपास त्यात येतात. ती भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण तपासण्या त्यात बसत नाहीत. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा. हेल्पलाइन १५५३८८. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, ते काढून ठेवा.

खासगी विमा घेताना आमवात लपवू नका. आधीच्या आजाराची प्रतीक्षा १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं करण्यात आली आहे. लपवल्यामुळे उद्या हृदयविकाराचा दावा नाकारला जाण्यापेक्षा तीन वर्षं थांबणं परवडतं. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरणाऱ्यांनी ८०डी खाली प्रतिबंधात्मक तपासण्यांचे ५ हजारांपर्यंतचे पैसे दाखवावेत. लॅबची बिलं जपून ठेवा.

दर विचारू नये अशी वेळ

छातीत दडपण, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, अचानक दम लागणं, थुंकीतून रक्त, एकाच पायाला आलेली सूज आणि त्यासोबत धाप. आमवाताच्या रुग्णाला छातीतली कळ जाणवतेच असं नाही. वेदनाशामक गोळ्यांनी ती दबते, आणि खांदा-मान दुखण्याची सवय झालेली असल्याने दुर्लक्षही होतं. नुसता घाम, मळमळ आणि कधी नव्हे एवढा थकवा एवढीच खूण असू शकते. यातलं काहीही झालं तर लॅबमध्ये जाऊ नका, सकाळची वाट बघू नका, स्वतः रिक्षा शोधत बसू नका. १०८ लावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे, आणि ती आल्यावर 'मला आमवात आहे, ही माझी औषधं' एवढं सांगून औषधांची चिठ्ठी हातात द्या.